भर वैशाखात हिरवे काय राहते?

नाशिकहून सुरगाण्याला जाणारा रस्ता दिंडोरी आणि वणीवरून जातो. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. दिंडोरी तालुका संपेपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे दिसतात. वणी मागे पडली की मळे विरळ होतात आणि डोंगर जवळ येतात. बोरगावला एक रस्ता हातगड किल्ल्याच्या पायथ्याने सापुताऱ्याकडे निघून जातो आणि आपली एस. टी. पश्चिमेला सुरगाण्याकडे वळते. पलीकडे गुजरातची हद्द आहे. नार आणि पार या नद्या इथल्याच डोंगरांतून निघून गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळतात.

आम्ही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या रस्त्याने गेलो. सहा बायका आणि दोन पुरुष, असे आठ जण होतो. आमच्या वस्तीतल्या विहारामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे चार झाडे लावावीत, पोरांना सावली व्हावी, पाखरांना आसरा मिळावा, असे मंडळाच्या बैठकीत ठरले होते. पण कोणती झाडे? कोणी म्हणे गुलमोहर, कोणी म्हणे उंच वाढणारा अशोक, कोणी म्हणे लवकर वाढेल ते काहीही. शेवटी एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “ज्या डोंगरात झाडाला कोणी पाणी घालत नाही, तिथे मे महिन्यात जाऊन बघा. तेव्हा जे हिरवे दिसेल ते लावा.” मावशींचे माहेर सुरगाणा तालुक्यातले. म्हणून आम्ही सुरगाण्याची वाट धरली.

उघडे डोंगर आणि हिरवे ठिपके

सुरगाणा हे पूर्वी छोटे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. तालुक्यात कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची वस्ती फार मोठी आहे. नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी ही इथली पिके. पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून सारे पाणी वाहून जाते. त्यामुळे ज्या गावात जुलैमध्ये घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याच गावातल्या बायका मे महिन्यात डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन लांबच्या विहिरीवरून येताना दिसतात.

डोंगरावरचे जंगल पानझडीचे आहे. साग, ऐन, तिवस, खैर, सावर ही इथली मुख्य झाडे. पाणी कमी झाले की ही झाडे पाने टाकून देतात. ती त्यांची शहाणी रीत आहे, कारण पान म्हटले की त्यातून पाणी उडणारच. त्यामुळे मे महिन्यात डोंगर तपकिरी आणि उघडा दिसतो. पण नीट पाहिले की त्या तपकिरी रंगात हिरवे ठिपके दिसू लागतात. ओहोळाच्या काठाला जांभूळ आणि उंबर, बांधावर रायवळ आंबा, पाड्याच्या तोंडाशी करंज, माळाच्या उतारावर करवंदाच्या जाळ्या, घरामागे अडुळसा. मावशींनी सांगितलेली यादी ती हीच.

सदाहरित म्हणजे ज्याचे पान कधीच गळत नाही असे नाही. आंबा, जांभूळ यांचीही पाने गळतात, पण थोडी थोडी, आणि जुनी गळेपर्यंत नवी तांबूस पालवी आलेली असते. त्यामुळे झाड एकदम उघडे पडत नाही. इतकाच त्याचा अर्थ.

पाखरांना मे महिना कसा जातो?

आपण दुपारी पत्र्याखाली तापतो तेव्हा पाखरूही तापते. पानझडीच्या रानात उन्हाळ्यात सावली फक्त या हिरव्या ठिपक्यांत असते. बुलबुल, कोकीळ, तांबट, हळद्या, हरियाल ही पाखरे दुपारी तिथेच दडून बसतात. घरटे करायलाही दाट पाने लागतात. नाहीतर घार, कावळा यांच्या नजरेतून अंडी सुटत नाहीत.

दुसरी गोष्ट खाण्याची. करवंदे एप्रिल-मे महिन्यात पिकतात, रायवळ आंबे त्याच सुमारास, आणि जांभळे पावसाच्या तोंडाला. उंबर तर वर्षातून अनेकदा फळतो. आपल्या राज्याचा पक्षी हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर. तो उंबर-वडाच्या फळांवर जगतो. रात्री वटवाघळे येतात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. रानात कोणी न लावता उगवलेले उंबर याच माळ्यांनी लावलेले असतात.

तिसरी गोष्ट आपल्या लक्षात सहसा येत नाही. ती म्हणजे अळ्या. फुलपाखराला मध कुठल्याही फुलातला चालतो, पण त्याची अळी ठराविक झाडाचेच पान खाते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पांढरट-तपकिरी अळी दिसते, पाखराच्या विष्ठेसारखी. आपण ती चिरडून टाकतो. तीच मोठी झाल्यावर हिरवी होते आणि पुढे तिचे फुलपाखरू बनते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनच्या, म्हणजे राणी पाकोळीच्या, अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. आणि अळी फक्त फुलपाखरासाठी नसते. चिमणी दाणे खाते हे खरे, पण पिल्लांना ती किडे-अळ्याच भरवते. ज्या अंगणात एकही अळी नाही, त्या अंगणात चिमणीची पिल्ले वाढणे कठीण. परदेशातून आणलेल्या पुष्कळशा शोभेच्या झाडांची पाने आपल्याकडच्या अळ्या खातच नाहीत. झाड स्वच्छ, चकचकीत दिसते; पण पाखराच्या दृष्टीने ते रिकामे ताट असते.

गुलमोहर आणि कोनोकार्पस

परके झाड म्हणजे वाईट झाड, असा आमचा आग्रह नाही. मिरची, पेरू, सीताफळ, टोमॅटो ही सगळी बाहेरून आलेली आणि आता आपल्या घरची झालेली. प्रश्न इतकाच, की चार झाडांची जागा असताना ती कोणाला द्यायची?

गुलमोहर मादागास्करचा. फुलतो छान, पण त्याची पाने उन्हाळ्यात गळतात आणि फांद्या वाऱ्याला मोडतात. पोरे खेळतात तिथे तो नको. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले. गिरिपुष्पाचा पाला शेताला खत म्हणून चांगला, म्हणून ते बांधावर असू द्यावे. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, तीही अमेरिकेची. तिच्यावर फुलपाखरे बसतात खरी, पण तिच्या जाळीखाली आपले गवत आणि रोपे उगवत नाहीत. बुलबुल तिची फळे खातो आणि बी आणखी पसरते. तिला मुद्दाम लावण्याची गरज नाही.

अलीकडे शहरांत हिरव्या भिंतीसारखे एक झाड रस्त्याकडेला दिसते, ते कोनोकार्पस. लवकर वाढते, नेहमी हिरवे असते, गुरे खात नाहीत. म्हणून नगरपालिकांना आणि बंगलेवाल्यांना ते फार आवडले. सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरात राज्याच्या वन खात्याने २०२३ साली त्याची लागवड बंद केली. त्याच्या परागाने सर्दी-खोकल्याचा आणि दम्याचा त्रास होतो, मुळे गटारे आणि नळांत शिरतात, ही कारणे देण्यात आली. नुसते हिरवे असणे पुरेसे नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

अशोकाबद्दलही एक गैरसमज आहे. बंगल्याभोवती सरळसोट उंच वाढणारे, लांब पानांचे जे झाड अशोक म्हणून विकले जाते, तो खरा अशोक नव्हे. खऱ्याला सीताअशोक म्हणतात. तो बुटका, पसरट आणि दाट असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला शेंदरी फुलांचे गुच्छ येतात आणि कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची, खाली लोंबणारी असते. त्याच्या सालीला औषधात मागणी असल्याने रानातली झाडे फार सोलली गेली आणि आज तो दुर्मीळ झाला आहे. पण हे झाड ओहोळाकाठचे आहे. त्याला सावली आणि ओल लागते. उघड्या, तापणाऱ्या जागेत लावून त्याला मारू नये. हापशाच्या किंवा नळाच्या कडेला, दुसऱ्या झाडाच्या सावलीत जागा असेल तरच लावावा.

कुंपणाला : करवंद, अडुळसा, निरगुडी

सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर मावशींच्या भावजयीचे घर आहे. कुडाच्या भिंती, वर कौले, समोर सारवलेले अंगण. कुंपणाला तार नव्हती. करवंदाची जाळी होती आणि तिच्यात बुलबुलाचे घरटे. “तार घेतली असती तर दुकानदाराचा फायदा झाला असता,” भावजय म्हणाल्या. “करवंदाला पोरं खातात, पाखरं खातात, अन् शेळी आत शिरत नाही.”

करवंदाला दुहेरी काटे असतात. फुले पांढरी, सुवासिक. फळे आधी हिरवी, मग लाल, मग काळी. कच्च्या करवंदाचे लोणचे होते. पिकलेली करवंदे बायका पानांच्या द्रोणांत भरून रस्त्यावर विकतात आणि दोन पैसे मिळवतात. रोप करायचे तर पिकलेल्या फळाचे बी काढावे, धुवावे, सावलीत सुकवावे आणि लगेच लावावे. हे बी जुने झाले की उगवत नाही. दोन-तीन फुटांवर एकेक रोप लावले की काही वर्षांत शेळी आत घुसणार नाही अशी जाळी तयार होते. छाटणी पावसाळ्यानंतर करावी; घरटी असताना कात्री लावू नये.

जिथे पोरे वारंवार येतात तिथे काटे नको असतील तर अडुळसा लावावा. त्याचे पान कडू असल्याने शेळ्या तोंड लावत नाहीत. पावसाळ्यात वीतभर फांदी खोचली तरी जगते. पांढऱ्या फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येतात. खोकल्यावर अडुळशाचा काढा आपल्या घरोघर माहीत आहे. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तिसरी निरगुडी. तिचीही फांदी लागते, तिलाही शेळी खात नाही. जांभळट फुलांचे तुरे येतात आणि त्यांवर फुलपाखरे जमतात. सुकलेला पाला धान्याच्या कणगीत घातला की कीड कमी लागते, ही आपल्या आजींची जुनी युक्ती.

एक सावधगिरी. कण्हेर सदाहरित आहे, पाण्यावाचून टिकते आणि गुरे तिला टाळतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती कुंपणाला दिसते. पण तिचे पान, फूल, बी, सगळेच विषारी आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तशीच. जिथे लहान मुले खेळतात, जिथे बालवाडी भरते, तिथे ही दोन्ही नकोत.

अंगणाला : कढीपत्ता, लिंबू, बकुळ, करंज

दारात एवढीशी जागा असेल तर पहिला मान कढीपत्त्याला द्यावा. रोजच्या फोडणीला पाने मिळतात. पांढऱ्या फुलांना मधमाश्या येतात, काळ्या फळांना बुलबुल आणि कोकीळ. बी पाखरे नेतात आणि मुळांतून नवी रोपे फुटतात. एका घरात कढीपत्ता असला की दोन वर्षांत शेजारच्या चार घरांत तो जातो. त्याच्या जोडीला लिंबू. या दोन्ही झाडांवर अळ्या येणारच. झाड मोठे असेल तर त्या चार-दोन अळ्यांनी काही बिघडत नाही. रोप फारच लहान असेल तर अळी हलकेच उचलून मोठ्या झाडावर सोडावी. फवारा मारू नये. फवारा अळी मारतो, मधमाशी मारतो, आणि ती पाने आपणच आमटीत घालतो.

विहारासमोर किंवा समाजमंदिरासमोर लावायला बकुळीसारखे झाड नाही. वर्षभर गर्द हिरवी, गोल डेरा, मुळे भिंतीला त्रास न देणारी. फुले बारीक चांदण्यांसारखी असतात. सुकली तरी वास जात नाही. नारिंगी फळे पाखरे आणि वटवाघळे खातात. बकुळ फार सावकाश वाढते, हा तिचा एकच दोष. लावणाऱ्याने तिच्याखाली नातवंडांना बसवण्याची तयारी ठेवावी.

घाई असेल तर करंज. बी थेट जमिनीत टोचले तरी उगवते. करंज आपल्या मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतो, म्हणून मुरमाड, हलक्या जमिनीतही तो तगतो. चैत्राच्या सुमारास त्याची पाने काही दिवस गळतात, पण लगेच चमकदार पोपटी पालवी येते. त्यामुळे वैशाखात तो दाट सावली देतो आणि फुलांचा सडाही पाडतो. पानांवर बारीक गाठी आणि डाग दिसतात. तो रोग समजून झाड तोडू नये. करंजाचे तेल पूर्वी दिव्याला जळत असे. ते खाण्याचे नाही, हे मुलांना सांगून ठेवावे.

मोठी झाडे कुठे लावावीत?

जांभूळ, आंबा, उंबर, वड, पिंपळ ही मोठ्या जागेची झाडे. जांभूळ आणि आंबा घरापासून निदान पंधरा-वीस फूट दूर असावा. जांभळाचे बीही करवंदासारखेच. फळ खाल्ले की दोन-चार दिवसांत लावावे. ओल असलेल्या जागी ते भरभर वाढते. रायवळ आंब्याची कोय लावणे तर पोरांचा खेळच आहे. कलमाला फळ लवकर येते. पण कोयीचे झाड उंच होते, पुष्कळ जगते आणि पाखरांच्या वाट्याला पुष्कळ ठेवते.

उंबर, वड आणि पिंपळ यांची मुळे भिंत फोडतात. म्हणून ती नाल्याच्या काठी, मैदानाच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला लावावीत. पिंपळ आपल्याला बोधिवृक्ष म्हणून जवळचा. हौसेने पुष्कळजण त्याला विहाराच्या भिंतीला लागूनच लावतात आणि मग दहा वर्षांनी भिंत की पिंपळ, असा प्रश्न उभा राहतो. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस फूट अंतर ठेवले तर ही वेळ येत नाही. पिंपळाची पाने माघ-फाल्गुनात थोडे दिवस गळतात. कडक उन्हाळ्यापर्यंत तो पुन्हा हिरवागार झालेला असतो.

सम्राट अशोकाने दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या लेखांत वृक्षारोपणाची नोंद करून ठेवली आहे. गिरनारच्या शिळेवरच्या दुसऱ्या लेखात औषधी वनस्पती लावल्याचा आणि रस्त्याकडेला झाडे लावून विहिरी खोदल्याचा उल्लेख आहे. दिल्लीला असलेल्या स्तंभावरच्या सातव्या लेखात वडाची झाडे आणि आंबराया आहेत. दोन्ही लेखांत हे सारे कशासाठी ते सांगताना माणसांच्या जोडीने पशूंचेही नाव घेतले आहे. एवढा मोठा राजा सावलीचा विचार करताना जनावराला विसरला नाही. आणि निवडलेली झाडे पाहा. वड आणि आंबा, दोन्ही इथल्या मातीतली, उन्हाळ्यात सावली देणारी, पाखरांना पोसणारी.

“पाणी कोण घालील?”

पाड्यावर संध्याकाळी आठ-दहा जण जमले. आम्ही झाडांचा विषय काढला तेव्हा एक तरुण बाई चटकन म्हणाली, “ताई, झाड लावा म्हणणं सोपं आहे. आम्ही दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातो. घराला कुलूप. पाणी कोण घालील?”

सगळा प्रश्न या एका वाक्यात आला. आपल्यातही वीटभट्टीला, ऊसतोडीला, बांधकामाला जाणारी घरे थोडी नाहीत. दर जूनमध्ये रोपे वाटली जातात, फोटो निघतात आणि पुढच्या मे महिन्यात फक्त खड्डा उरतो. झाड निवडताना म्हणूनच फुलाचा रंग नंतर बघावा. घराला कुलूप असताना हे जगेल का, हे आधी बघावे. त्या दृष्टीने करवंद, करंज, निरगुडी आणि कोयीचा आंबा ही पहिल्या पसंतीची. जांभळाला ओलीची जागा हवी. बकूळ, लिंबू, सीताअशोक ही घरात कोणी ना कोणी कायम असेल तरच.

पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी आणि मावशींनी सांगितलेल्या युक्त्या इथे देतो.

खड्डा मे महिन्यातच दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खणून उन्हात तापू द्यावा. वरची काळी माती वेगळी ठेवावी आणि शेणखत मिसळून तीच आत भरावी. पाऊस एकदा नीट बसला की जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला रोप लावावे. उशीर करू नये. चार महिन्यांच्या पावसात मूळ जेवढे खोल जाईल तेवढा उन्हाळा सोपा.

उतारावर रोपाच्या खालच्या अंगाला दगड-मातीचा अर्धचंद्राकृती बांध घालावा, म्हणजे पाणी वाहून न जाता तिथेच मुरते. रोपाभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. पाला जाळू नये. ते झाडाचे पांघरूण आहे आणि त्याखाली गांडुळे, बेडूक, सरडे राहतात. डोंगराळ भागात फाल्गुनात वणवे लागतात, म्हणून लागवडीच्या जागेभोवतीचे वाळके गवत मात्र आधीच कापून घ्यावे.

पाण्यासाठी जुने मडके घ्यावे. त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून सुती चिंधीची वात घालावी आणि ते रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे. मडके भरून तोंड झाकले की पाणी हळूहळू मुळाशी झिरपते. वरून ओतलेल्या हंड्यातले निम्मे पाणी ऊनच पिऊन टाकते. इथे तसे होत नाही. घरी माणूस असेल तर भांडी विसळलेले पाणी यासाठी पुरते. दोन उन्हाळे असे सांभाळले की करंज, करवंद आणि आंबा यांना पुढे कोणाची गरज लागत नाही. शेळ्यांसाठी भोवती करवंदाच्या किंवा बोरीच्या वाळक्या फांद्या रोवाव्यात. लोखंडी जाळीपेक्षा त्या स्वस्त, आणि कोणी चोरत नाही.

रोपे विकतच घ्यायची तर सामाजिक वनीकरणाच्या आणि वन खात्याच्या रोपवाटिकांत देशी झाडांची रोपे थोड्या पैशांत मिळतात. पण मागताना नाव सांगून मागावे. “कोणतेही द्या” म्हटले की जे उरलेले असेल ते हातात येते. आणि देशी झाडे शहराजवळ जगत नाहीत असे कोणी म्हणाले, तर त्याला नाशिकच्या सातपूरमधला फाशीचा डोंगर दाखवावा. ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेने २०१५ पासून लोकांच्या हातांनी तिथे हजारो देशी झाडे लावून देवराई उभी केली आहे. रविवारी मुलांना घेऊन जाण्यासारखी ती जागा आहे.

झाड कोण लावतो?

त्या संध्याकाळी शेवटी बोलले ते एक आजोबा. २०१८ सालच्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा जो मोर्चा चालत गेला, त्यात ते होते. सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस, उन्हातान्हात. सुरगाणा तालुक्यातून फार मोठ्या संख्येने माणसे गेली होती. मागण्या पुष्कळ होत्या, पण यांची मुख्य मागणी एकच : कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने तो मान्य केला होता. कागद हातात पडत नव्हता.

आजोबा म्हणाले, “जमीन आपली नव्हती तवर मी नागली पेरली, उडीद पेरला. चार महिन्यांत हातात येतं ते. झाड नाही लावलं. उद्या उठवलं तर? कागद आला त्या पावसाळ्यात पहिल्यांदा आंबा लावला.”

त्यांचा आंबा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. पुरुषभर उंच झाला होता, भोवती बोरीच्या काट्या रोवल्या होत्या.

ज्याला उद्या आपण इथेच असू अशी खात्री आहे, तोच जांभूळ लावतो, बकुळ लावतो. आपल्या किती वस्त्या आजही नाल्याच्या कडेला, रेल्वेच्या बाजूला, दुसऱ्याच्या जागेवर आहेत! तिथे माणसे झाडे लावत नाहीत याचा अर्थ त्यांना हिरवळ आवडत नाही असा नव्हे. कोणाच्या दारात किती सावली आहे हे पाहिले की कोणाच्या पायाखाली किती पक्की जमीन आहे हेही कळते. म्हणून घराच्या पट्ट्यासाठी, सातबाऱ्यासाठी अर्ज करणे हेही झाड लावण्याच्याच कामाचा भाग आहे.

आणि जागेची खात्री नसेल तरी हात बांधून बसू नये. तेलाच्या डब्यात, फुटक्या पिंपात कढीपत्ता, लिंबू, अडुळसा उत्तम वाढतो. डब्याला तळाशी तीन-चार भोके पाडावीत, खाली खापऱ्या टाकाव्यात, वर माती आणि शेणखत. उद्या घर हलवावे लागले तर डबा बरोबर नेता येतो. फुलपाखरू झाड जमिनीत आहे की डब्यात आहे हे पाहत नाही. आणि वस्तीतली शाळा, विहार, समाजमंदिर यांची जागा सगळ्यांची असते. मोठे झाड तिथे सगळ्यांनी मिळून लावावे आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात. एका घराला कुलूप लागले तरी दुसरे उघडे असते.

आमच्या वस्तीपुरते असे ठरले आहे. विहारामागच्या जागेला करवंदाचे कुंपण, नळाच्या बाजूला जांभूळ, मैदानाच्या कोपऱ्यात करंज, दर्शनी बाजूला एक बकुळ. बिया सुरगाण्याहूनच आणल्या. करवंदे आम्ही पोटभर खाल्ली आणि बी धुऊन पदरात बांधले. जांभळाचे बी मावशींचा भाचा जूनमध्ये पाठवणार आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या प्रत्येक घरातून गोळा झाल्या आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदा करवंदे आणि जांभळे खाल्ली की बी उकिरड्यावर टाकू नका. एका पिशवीत माती भरा आणि त्यात ते टोचा. पाऊस आता फार लांब नाही.